८२ दिवसांचा खून: मार्क शिल्ड्स आणि बॉब वूल्मर प्रकरण

१७ मार्च २००७ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना पोर्ट ऑफ स्पेनच आठवतं. बांगलादेशने आपल्याला १९१ वर गुंडाळलं, तमिम, मुशफिकुर आणि शाकिब या तेव्हाच्या पोरांनी फिफ्ट्या मारल्या, द्रविड आणि चॅपेलच्या नावाने देशभर शिव्या चालू झाल्या आणि रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. त्या गोंधळात आपण एक गोष्ट जवळपास नजरेआड केली, की त्याच दिवशी तिकडे जमैकात, किंग्स्टनच्या सबायना पार्कवर, पाकिस्तान १३२ वर ऑल आऊट झाला आणि आयर्लंडकडून तीन विकेटने हरून वर्ल्ड कपच्या बाहेर पडला. आयर्लंडची टीम म्हणजे अर्धी नोकरी-धंदा सांभाळून खेळणारी, त्यात नील ओब्रायनने ७२ काढले आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला रविवारी, सकाळी पावणेअकराच्या सुमारास पेगासस हॉटेलच्या बाराव्या मजल्यावर, ३७४ नंबरच्या रूममध्ये साफसफाई करणारी बाई शिरली तर बाथरूममध्ये पाकिस्तानचा कोच बॉब वूल्मर पडलेला. हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे मृत घोषित केलं. वय ५८. (वूल्मरचा जन्म कानपूरचा, वडील युनायटेड प्रॉव्हिन्सेसकडून रणजी खेळलेले, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

पुढची स्टोरी क्रिकेटवाल्यांनी हजार वेळा सांगितली आहे. मला ती पोलिसांच्या बाजूने बघायची आहे, आणि त्यातही एका माणसाच्या बाजूने. मार्क शिल्ड्स, जमैका कॉन्स्टॅब्युलरी फोर्सचा डेप्युटी कमिशनर, क्राइमचा इनचार्ज. आधीच सांगतो, डेप्युटी कमिशनर म्हणजे मुंबईतल्या झोनच्या डीसीपीसारखं धरू नका, तिकडे अख्ख्या देशाचं एकच पोलीस दल आणि त्याच्या डोक्यावर एक कमिशनर, त्यामुळे डेप्युटी कमिशनर म्हणजे देशातल्या पोलिसांची जवळपास दुसरी खुर्ची.

हा माणूस जमैकात आलाच कसा

शिल्ड्स गोरा इंग्रज, स्कॉटलंड यार्डमध्ये घडलेला, साडेसहा फुटांच्या आसपास उंच, त्यामुळे किंग्स्टनच्या कुठल्याही प्रेस कॉन्फरन्सला तो आधी दिसायचा आणि बाकीचे नंतर. २००५ मध्ये त्याला जमैकात बाहेरून आणून थेट वरच्या खुर्चीत बसवलं. तेव्हा पीटर फिलिप्स हे सुरक्षा मंत्री होते आणि परिस्थिती अशी होती की २००५ या एका वर्षात जमैकात १,६७४ खून झाले. लोकसंख्या किती, तर सव्वीस-सत्तावीस लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. त्या वर्षी खुनाच्या दरात जमैका जगात सगळ्यात वरच्या देशांत होता.

ब्रिटनला यात काय पडलं होतं, तर बरंच काही. किंग्स्टनच्या गँगा लंडनमध्ये कोकेन आणि बंदुका चालवत होत्या, लंडन पोलिसांनी त्यासाठी ऑपरेशन ट्रायडंट नावाचं वेगळं युनिटच काढलं होतं, पोटात कोकेनच्या गोळ्या गिळून विमानाने येणाऱ्या कुरिअर्सना पकडायला जमैकाच्या विमानतळांवर २००२ पासून स्कॅनिंगची मशीन्स बसवली होती. म्हणजे लंडनचा क्राइम कमी करायचा तर किंग्स्टनमध्ये काम करावं लागेल असा तो हिशोब. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये गँगांच्या म्होरक्यांमागे लागायला ऑपरेशन किंगफिश सुरू झालं होतं, आणि शिल्ड्स एकटाच आला असंही नाही, लेस ग्रीन, जस्टिन फेलीस असे आणखी ब्रिटिश अधिकारी असिस्टंट कमिशनर म्हणून आले, फेलीसकडे तर पोलिसांमधल्याच भ्रष्टाचाराचं खातं होतं.

आता विचार करा, वीस-पंचवीस वर्षं खालून वर आलेले, कॉन्स्टेबल, कॉर्पोरल, सार्जंट, इन्स्पेक्टर करत करत सुपरिंटेंडंट झालेले स्थानिक अधिकारी, त्यांच्या डोक्यावर विमानातून उतरलेला गोरा साहेब. १९६२ ला स्वतंत्र झालेल्या देशात. त्या दलाचा जन्मच मुळी १८६५ चं मोरंट बेचं बंड इंग्रजांनी चिरडल्यानंतर १८६७ मध्ये झाला होता, त्यामुळे "पुन्हा इंग्रजच आणायचे का" हा प्रश्न तिथे नुसता इगोचा नव्हता. दुसऱ्या बाजूला सामान्य जमैकन माणसाला स्वतःच्या पोलिसांवर काडीचा भरवसा नव्हता हेही तितकंच खरं. रेनेटो ॲडम्स नावाचा सीनियर सुपरिंटेंडंट, काळा चष्मा, डॅशिंग, लोकांचा लाडका, त्याच्या क्राइम मॅनेजमेंट युनिटने २००१ मध्ये ब्रेटनला एका घरात सात तरुण मारले, २००३ मध्ये क्रॉलला चार जण, त्यात दोन बायका. आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या एन्काउंटर-फेम अधिकाऱ्यांची आठवण यावी असा सगळा मामला, लोक टाळ्याही वाजवत होते आणि घाबरतही होते. क्रॉलच्या तपासात स्कॉटलंड यार्डची मदत घेतली, खटला चालला, २००५ च्या डिसेंबरमध्ये ॲडम्स निर्दोष सुटला.

तर अशा ठिकाणी शिल्ड्स म्हणजे "बाहेरचा आहे, विकला जाणार नाही, सायंटिफिक तपास करेल" या आशेचा चेहरा होता. आणि तो चेहरा कॅमेऱ्यासमोर छान चालायचा. बोलायला मोकळा, विनोदी, किंग्स्टनच्या पेपरांच्या पेज थ्रीवरही दिसायचा. २००६ मध्ये खून १,६७४ वरून १,३४० वर आले. त्याचं श्रेय एकट्या शिल्ड्सला देणं बावळटपणा ठरेल, पण आकडा त्याच्या बाजूचा होता आणि करिअर वरच्या दिशेने चाललं होतं. त्यात वर्ल्ड कप आला.

पहिले चार दिवस

तपास समजून घ्यायचा तर पहिल्या चार दिवसांत काय काय झालं ते सावकाश बघायला लागतं, सगळी गोम तिथेच आहे.

रविवारी वूल्मर सापडला तेव्हा कुणाच्याच डोक्यात गुन्हा नव्हता. हॉटेलची नर्स आली, स्टाफ आला, उचलून हॉस्पिटलला नेलं. बरोबरच केलं, माणूस जिवंत असेल या आशेने कुणीही हेच करेल, पण त्याचा अर्थ असा की पुढे ज्याला "क्राइम सीन" म्हणायचं ठरलं तिथून बॉडी आधीच हललेली होती आणि चार-पाच माणसं वावरून गेलेली होती. दार फोडलेलं नव्हतं. वूल्मरला टाइप टू डायबिटीस होता, वजन भरपूर, आदल्या रात्रीचा ताण तर विचारूच नका. बायकोला त्याने केलेल्या मेलमध्ये त्याने हार फार लागल्याचं लिहिलं होतं, एजबॅस्टनची सेमीफायनल (१९९९ ची, साऊथ आफ्रिकेचा कोच असताना) जास्त दुखली की ही, असा काहीसा मजकूर. हार्ट ॲटॅक आला असेल हेच सगळे धरून चालले होते.

मंगळवारी २० मार्चला पोस्टमार्टेम झालं, निष्कर्ष निघाला नाही असं सांगितलं, आणि पोलिसांनी मृत्यू "संशयास्पद" धरून तपास चालू असल्याचं जाहीर केलं. इथपर्यंत मला तरी काहीच चूक दिसत नाही. महाराष्ट्रात रोज डझनांनी अशा केसेस होतात, अकस्मात मृत्यूची नोंद करायची, पंचनामा करायचा, डॉक्टर मत राखून ठेवतात, व्हिसेरा लॅबला जातो, आणि रिपोर्ट येईपर्यंत पीएसआय पत्रकारांना "तपास चालू आहे" एवढंच सांगून वाटेला लावतो. कंटाळवाणं आहे पण त्यात शहाणपण आहे.

२२ मार्चला मात्र किंग्स्टनमध्ये जाहीर करून टाकलं की वूल्मरचा खून झाला, गळा हाताने आवळून. पॅथॉलॉजिस्ट होते डॉ. एरे शेषय्या, मूळचे भारतातले, जमैका सरकारच्या नोकरीत. त्यांच्या मते गळ्यावर आवळल्याच्या खुणा होत्या आणि गळ्यातलं हायॉइड नावाचं नाजूक हाड मोडलेलं होतं. हे हाड मोडलेलं सापडलं की फॉरेन्सिकवाले लगेच गळा दाबल्याचा संशय घेतात, पुस्तकातलीच गोष्ट आहे ती.

त्यानंतर शिल्ड्स जगभरच्या टीव्हीवर. वूल्मर अंगाने दणकट, त्याला असं मारायला भरपूर ताकद लागली असणार, कदाचित एकापेक्षा जास्त माणसं असतील, जबरदस्तीने घुसल्याची खूण नाही म्हणजे ओळखीचं कुणी असू शकेल, या धर्तीची त्याची वाक्यं. प्रत्येक वाक्य "जर खून असेल तर" या गृहीतावर लॉजिकली बरोबर होतं. आणि प्रत्येक वाक्याने पाकिस्तानी टीमच्या अकरा-पंधरा जणांकडे बोट दाखवलं, शिल्ड्सने कुणाचं नाव न घेतासुद्धा. ओळखीचं म्हणजे कोण, हॉटेलात त्या मजल्यांवर होतं कोण, लोक एवढं गणित आपोआप करतात.

आदल्या दिवशीच, २१ तारखेला, पाकिस्तानने झिम्बाब्वेबरोबरची बिनकामाची मॅच जिंकली होती, इंझमामची शेवटची वनडे, रडत रडत बाहेर पडला होता. टीम मग माँटेगो बेला गेली. पोलिसांनी सगळ्यांचे जबाब घेतले, बोटांचे ठसे घेतले, डीएनएचे नमुने घेतले, निघायच्या आधी इंझमाम, मॅनेजर तलत अली आणि असिस्टंट कोच मुश्ताक अहमद यांना पुन्हा प्रश्न विचारले, आणि २४ मार्चला टीमला जाऊ दिलं.

"खून" म्हणून पोलिसांना मिळालं काय

बहुतेक लोक या केसचा दोष डॉ. शेषय्यांवर टाकून मोकळे होतात, एका डॉक्टरने चुकीचं मत दिलं आणि बिचारे पोलीस फसले. मला हे पटत नाही. डॉक्टर चुकू शकतो हे धरूनच सिस्टिम बनवलेली असते, म्हणून तर दुसरं मत घेतात, टॉक्सिकॉलॉजी म्हणजे विषाची तपासणी करतात, एक्स-रे काढतात. प्रश्न पोलिसांच्या डिसिजनचा आहे.

शिल्ड्सच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलतो, कारण ते खरंच वजनदार आहे. समजा खून झाला असता आणि पोलीस आठवडाभर गप्प बसले असते. सगळे संभाव्य साक्षीदार परदेशी, वर्ल्ड कप चालू, टीम चार दिवसांत विमानात बसणार, हॉटेलातले पाहुणे रोज चेक-आऊट करणार, एकदा गेले की कराची-लाहोरहून त्यांना परत आणणं अशक्यच. वर सरकारी पॅथॉलॉजिस्टचं लेखी मत हातात. ते मत दाबून ठेवलं असतं आणि नंतर बाहेर आलं असतं तर "जमैकाने वर्ल्ड कप वाचवायला खून लपवला" अशी हेडलाइन झाली असती आणि मग शिल्ड्सला कुणी वाचवलं नसतं. ब्रिटनच्या, भारताच्या, पाकिस्तानच्या पत्रकारांचा तळ पेगाससच्या लॉबीत पडलेला. बातमी फुटणारच होती, तेव्हा आपणच सांगितलेली बरी, असंही वाटलं असणार.

पण आता हे बघा. जबाब, ठसे, डीएनए, सीसीटीव्हीच्या टेप्स ताब्यात घेणं, दाराच्या की-कार्डचं रेकॉर्ड, यातलं काय असं होतं जे "संशयास्पद मृत्यू"वर मिळालं नसतं? खून जाहीर करूनही टीमला अडवता आलंच नाही, दोन दिवसांत गेलीच ती. म्हणजे तपासाच्या दृष्टीने २२ मार्चच्या घोषणेने हाताला जवळपास काहीच लागलं नाही, आणि गमावलं मात्र भरपूर, कारण त्यानंतर मागे फिरायची वाटच उरली नाही. संशयास्पद म्हटलेलं प्रकरण गुपचूप नैसर्गिक मृत्यूवर आणून बंद करता येतं, कुणी विचारत नाही. खून म्हणून जगाला सांगितलेलं प्रकरण बंद करायला दुसरी प्रेस कॉन्फरन्स घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट झाली, ती जास्त वाईट. एकदा खून म्हटल्यावर प्रत्येक पुरावा त्याच चष्म्यातून बघायला सुरुवात होते. बाथरूममध्ये उलटी आहे, मग विष दिलं असेल. दार फोडलेलं नाही, मग ओळखीचा माणूस. गळ्यावर खुणा फार कमी आहेत, मग आधी विषाने बेशुद्ध केलं आणि मग गळा आवळला! प्रतिकाराच्या खुणा नसणं हे खरंतर खुनाच्या विरोधात जाणारं आहे, पण थिअरी एवढी लवचिक केली की तेही बाजूचंच झालं. ब्रिटिश मीडियाने तर सापाचं विष, ॲकोनाइट नावाचं वनस्पतीचं विष, शॅम्पेनची बाटली असे काय काय शोध लावले. मॅच फिक्सिंगवाले बुकी तर होतेच तयार, वूल्मर पुस्तकात सगळं उघड करणार होता म्हणून त्याला संपवला, ही स्टोरी आपल्या हिंदी-मराठी चॅनेलवाल्यांनीही आठवडे-आठवडे चालवली. साप साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. त्या काळात मराठी चॅनेल नवीनच होते आणि दर अर्ध्या तासाने लाल अक्षरांत "वूल्मर हत्याकांड" फिरायचं.

शिल्ड्स मात्र रोज उत्तरं देत होता. मला वाटतं त्याचा खरा घोळ इथे झाला. तपास अधिकारी आणि प्रवक्ता एकच माणूस ठेवला की तो स्वतःच्याच बोलण्यात अडकतो. प्रवक्त्याने काल एक आणि आज दुसरं सांगितलं तर लोक म्हणतात अपडेट आला, तपास अधिकाऱ्याने तसं केलं तर म्हणतात हा गडबडलाय. आणि जमैकाच्या पोलिसांना तर प्रवक्ता होता, पण जगाला साडेसहा फुटी स्कॉटलंड यार्डवालाच हवा होता. दलालाही ते सोयीचंच होतं, यश आलं तर आपलं, नाही आलं तर त्या इंग्रजाचं.

उलटा प्रवास

पोलिसांच्या, आणि शिल्ड्सच्याही, बाजूने एक गोष्ट मात्र मानायलाच हवी. त्यांनी स्वतःच स्वतःच्या केसची तपासणी करवून घेतली. लंडनहून स्कॉटलंड यार्डचे डिटेक्टिव्ह आले, पाकिस्ताननेही आपली माणसं पाठवली, आयसीसीच्या अँटी-करप्शनवाल्यांनी फिक्सिंगचा अँगल बघितला. सीसीटीव्हीच्या टेप्स ब्रिटनला नेऊन डिजिटल करून घेतल्या. वूल्मरचं पार्थिव मात्र एप्रिलच्या शेवटापर्यंत किंग्स्टनमध्येच अडकलं, कारण कोरोनरची (संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा न्यायिक अधिकारी) चौकशी आधी एप्रिलमध्ये ठरली आणि मग पुढे ढकलली, आणि तिकडे केपटाऊनला बायको आणि दोन मुलं वाट बघत बसली.

सगळ्यात महत्त्वाचं काम झालं ते पॅथॉलॉजीचं. ब्रिटनचे डॉ. नॅथॅनियल कॅरी, साऊथ आफ्रिकेच्या लोर्ना मार्टिन, कॅनडाचे मायकेल पोलानन, तीन देशांतले तीन फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट, तिघांनीही गळा आवळल्याची थिअरी नाकारली. हायॉइड हाड? मोडलेलंच नव्हतं. एक्स-रेमध्ये शाबूत दिसलं. म्हणजे ज्या हाडावर अख्खी केस उभी होती तेच हाड धड होतं. हा एक्स-रे २२ मार्चच्या आधी बघितला असता तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

१२ जूनला, म्हणजे खून जाहीर केल्यावर ८२ दिवसांनी, कमिशनर लुशियस थॉमस यांनी जाहीर केलं की वूल्मरचा मृत्यू नैसर्गिक कारणाने झाला, खुनाचा तपास बंद. घोषणा कमिशनरच्या तोंडून झाली, पण पेपरांत फोटो बहुतेक शिल्ड्सचेच छापून आले. पाकिस्तानातून साहजिकच राग निघाला, आमच्या पोरांना तीन महिने खुनी ठरवलं, माफी मागा. त्यात चूक काय होती त्यांची, जगाच्या कुठल्याही विमानतळावर त्या खेळाडूंकडे लोक त्या नजरेने बघत होते.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण जमैकात इंग्रजांच्या वेळचा कोरोनर अजून आहे. मुंबईतही होता, १८७१ च्या कायद्याने आलेला, १९९९ मध्ये तो कायदा रद्द केला तेव्हा गेला. तर १६ ऑक्टोबरला किंग्स्टनला कोरोनर पॅट्रिक मर्फी यांच्यासमोर चौकशी सुरू झाली, अकरा जणांची ज्युरी, २६ दिवस, ५७ साक्षीदार. आणि तिथे डॉ. शेषय्या उभे राहिले ते आपल्या मतावर ठाम, गळा आवळलाच होता, आणि आता भर म्हणून विषही. सरकारी लॅबला वूल्मरच्या नमुन्यांत सायपरमेथ्रिन सापडलं होतं. आपल्याकडे कपाशीवर बोंडअळीसाठी फवारतात तेच सायपरमेथ्रिन, विदर्भातल्या कुठल्याही कृषी केंद्रात मिळेल. परदेशी तज्ज्ञांनी मात्र विषबाधा मानली नाही. म्हणजे एकाच सरकारचा पॅथॉलॉजिस्ट आणि लॅब म्हणतायत खून, आणि त्याच सरकारचे पोलीस म्हणतायत नैसर्गिक, आणि मध्ये अकरा सामान्य माणसं, ज्यांना हायॉइड म्हणजे काय हे पहिल्यांदाच कळतंय.

२८ नोव्हेंबरला ज्युरीने ओपन व्हर्डिक्ट दिलं. मृत्यू कसा झाला ते पुराव्यावरून ठरवता येत नाही. लोकांनी ज्युरीला नावं ठेवली पण मला ते प्रामाणिक वाटतं, एवढा परस्परविरोधी पुरावा समोर टाकल्यावर दुसरं काय म्हणणार. वूल्मरच्या कुटुंबाने नैसर्गिक मृत्यू हेच मान्य केलं. शिल्ड्सचंही जाहीर मत तेच राहिलं. कागदोपत्री मात्र निकाल आजही "ओपन".

शिल्ड्सचं पुढे

त्या सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली होती, पोर्शिया सिम्पसन-मिलर यांचं सरकार पडलं, ब्रूस गोल्डिंग आले. थॉमस गेले. वर्ष संपता संपता नवा कमिशनर आला तो पोलिसातलाही नव्हता आणि ब्रिटिशही नव्हता, सैन्यदलातून आलेले रिअर ॲडमिरल हार्डली लूइन. हा सिग्नल मला फार बोलका वाटतो. बाहेरचा माणूस हवाच होता, दलावर सरकारचा भरवसा अजूनही नव्हताच, पण आता तो बाहेरचा माणूस जमैकनच हवा होता. यात वूल्मर प्रकरणाचा वाटा किती ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण वूल्मरनंतर गोऱ्या एक्स्पर्टची ती आधीची झिलई उरली नव्हती हे उघड आहे.

शिल्ड्सला कुणी काढलं नाही. तो २००९ पर्यंत डेप्युटी कमिशनर राहिला, मग बाहेर पडून जमैकातच स्वतःची सिक्युरिटी कन्सल्टन्सी काढली. पळून लंडनला गेला नाही, हे त्याच्याबद्दल काहीतरी सांगतं. त्याच्या टीकाकारांनाही हे मान्य करावं लागतं की त्याच्यावर भ्रष्टाचाराचा किंवा कुणाला गोळ्या घालण्याचा डाग नाही, आणि त्या दलाच्या त्या काळातल्या इतिहासात ही बारीक गोष्ट नव्हती.

पण करिअरचा हिशोब करायला बसलं की विचित्र चित्र दिसतं. माणूस आणला होता टिव्होली गार्डन्स, स्पॅनिश टाऊन असल्या भागांत रोज मरणाऱ्या पोरांच्या केसेस सोडवायला, ज्यांची नावं किंग्स्टनच्या बाहेर कुणी छापतही नव्हतं. २००७ मध्ये, म्हणजे जेव्हा अख्खं जग रूम नंबर ३७४ वर डोळे लावून बसलं होतं, तेव्हा जमैकात खुनांचा आकडा परत चढून दीड हजारांच्या वर गेला. त्यातल्या बऱ्याच केसेसमध्ये ना स्कॉटलंड यार्ड आलं, ना तीन देशांचे पॅथॉलॉजिस्ट, ना कुणाचा हायॉइड पुन्हा तपासला गेला. त्यांची पोस्टमार्टेम करणारे सरकारी डॉक्टर मोजकेच होते, आणि वूल्मरच्या बाबतीत ज्या मताला जगाने तीन महिने लावून चाळलं तशी मतं तिथल्या कोर्टात एरवी एका पानावर येत आणि निकाल लागून जाई. ज्युरीने २८ नोव्हेंबरला उठून घरी जाताना हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि माझ्या मते वूल्मरला नक्की काय झालं यापेक्षा तो मोठा होता: बाकीच्या किती हाडांचे एक्स-रे काढलेच गेले नव्हते?

शिल्ड्स गेला त्या २००९ मध्ये खून १,६८० च्या आसपास पोचले, म्हणजे तो आला त्या वर्षापेक्षाही किंचित जास्त. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लूइन यांनीही राजीनामा दिला. आकडा खाली यायला लागला तो २०१० मध्ये, ख्रिस्तोफर "डुडस" कोक या गँगच्या म्होरक्याला पकडायला सैन्य आणि पोलीस टिव्होलीत घुसले त्यानंतर, आणि त्या कारवाईत सत्तरच्या आसपास नागरिक मेले.